बंद भांड्यातील वार्ता

रायपूरहून दुर्गकडे जाणारी गाडी खारून नदीचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात कुम्हारीच्या स्थानकावर येऊन थांबते. पावसाळ्याच्या अखेरीस येथे दोन्ही बाजूंना भाताची खाचरे नजर पोहोचेल तेथवर पसरलेली दिसतात; आणि पुढे भिलाई जवळ येऊ लागली की त्या हिरव्या विस्ताराची जागा चिमण्या, टाक्या आणि आडवेतिडवे नळ घेतात. बदलीच्या हुकुमाने या प्रांतात आलेल्या आपणा मराठी मंडळींपैकी बहुतेकांनी हा प्रवास अनेकदा केला असेल. खतवाटपाचे तक्ते आपण कचेरीत तपासले, पोलादाच्या उत्पादनाचे आकडे वर्तमानपत्रांत वाचले. परंतु त्या बंद भांड्यांच्या आत या घटकेस काय चालले आहे हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कळते तरी कसे, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मनात आला असावा. प्रस्तुत लेखकाच्याही मनात तो कित्येक वर्षे आला नव्हता.

स्वयंपाकघरात हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे झाकण काढता येते आणि शितावरून भाताची परीक्षा करता येते. रासायनिक कारखान्यातील भांड्याचे झाकण काढण्याची सोय नसते. काढले तर आतला वायू माणसाचा प्राण घेईल. म्हणून आतली वार्ता बाहेर आणायची, ती वेळेवर आणायची, आणि ती खरी आहे की नाही हे पारखायचे, या खटाटोपाचा एक स्वतंत्र इतिहास घडला. आज त्याला प्रक्रिया-नियंत्रणाचे शास्त्र असे भारदस्त नाव आहे. त्याचे बहुतेक टप्पे युरोप-अमेरिकेत पडले हे खरे; तथापि त्याचे एक टोक थेट आपल्या कुम्हारीपर्यंत येऊन पोहोचते.

कुम्हारीचे नाते कोकणातल्या अंबरनाथशी आहे. अकराव्या शतकातील शिवमंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या त्या गावी, १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने गंधकाम्लाचा आणि खताचा कारखाना काढला. पुढे त्याच कंपनीने कुम्हारीस सुपरफॉस्फेटचा कारखाना उभारला. सुपरफॉस्फेट म्हणजे फॉस्फेटचा दगड दळून त्यावर गंधकाम्लाची क्रिया केलेले खत. दगडातील फॉस्फरस पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो पिकाच्या उपयोगाचा नसतो. अम्लामुळे तो विरघळण्याजोगा होतो. इंग्लंडात जॉन बेनेट लॉज याने १८४२ साली या कृतीचे पेटंट घेतले. कृती सोपी दिसते, परंतु अम्ल कमी पडले तर दगड दगडच राहतो. अधिक झाले तर खत चिकट होते आणि गोणपाटाची पोती आतून सडू लागतात. शेतकऱ्याच्या बांधावर फाटलेले पोते पोहोचले तर त्याचे मूळ कित्येकदा त्या मिश्रणाच्या क्षणी झालेल्या चुकीत असते. मिश्रण कोठारात काही आठवडे मुरत पडते, त्यामुळे चूक लक्षात येईपर्यंत तसल्याच मालाचे ढीग लागलेले असतात. उशिरा कळलेल्या चुकीची ही पहिली गोष्ट. पुढे ती वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटेल.

आता मुळाकडे, म्हणजे गंधकाम्लाकडे, वळू. अठराव्या शतकाच्या आरंभी हे अम्ल काचेच्या गोलांत थोडेथोडे तयार होई व महाग पडे. १७४६ साली बर्मिंगहॅममध्ये जॉन रोबक याने काचेऐवजी शिशाच्या पत्र्याच्या कोठड्या वापरल्या. शिशावर या अम्लाचा परिणाम फार थोडा होतो, आणि शिशाची कोठडी हवी तेवढी मोठी बांधता येते. गंधक जाळून निघालेला वायू, हवा, पाण्याची वाफ आणि सोऱ्यापासून मिळणारे नत्राचे वायू या कोठड्यांतून फिरत, आणि तळाशी अम्ल साचे. सुमारे दीडशे वर्षे जगाचे बहुतेक गंधकाम्ल असेच झाले. आपल्याकडे प्रफुल्लचंद्र रायांच्या बेंगाल केमिकलनेही माणिकतल्यास शिशाच्या कोठड्याच बांधल्या होत्या.

या कोठड्या सांभाळणारा माणूस हा आमच्या विषयाचा पहिला नायक म्हणण्यास हरकत नाही. त्याच्याजवळ मापके अशी फारशी नव्हती. कोठडीच्या अंगाला काचेची तावदाने बसवलेली असत, आणि त्यातून आतल्या धुराचा रंग तो पाहत असे. शेवटच्या कोठडीत तांबूस-पिंगट छटा असली की नत्राचे वायू पुरेसे आहेत असे समजावे. तेथला धूर फिकट पडला की समजावे, काहीतरी बिघडत चालले आहे. भिंतीवरून ओघळणारे अम्ल लहान वाटीत धरून त्यात घनतामापक सोडायचा आणि त्याची ताकद पाहायची. हाताला कोठडीची ऊब कळे, नाकाला गळती कळे. परंतु या विद्येत एक मोठी अडचण होती. धूर फिकट पडलेला दिसे तेव्हा चूक होऊन बराच वेळ लोटलेला असे, आणि सोऱ्याचे प्रमाण वाढवल्यावर त्याचा परिणाम शेवटच्या कोठडीत दिसायलाही तेवढाच वेळ लागे. अधीर माणूस तोवर आणखी सोरा टाकी. मग धूर गडद होई, मग तो हात आखडून घेई, आणि कोठडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलकावे खात राही. जुना जाणता माणूस थोडेसे करी आणि थांबे. त्या थांबण्यात त्याचे सारे कौशल्य होते. ते कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे ते जात असे.

१८२७ साली गे-ल्युसॅक याने सुचवलेला मनोरा आणि १८५९ सालचा न्यूकॅसलच्या जॉन ग्लोव्हरचा मनोरा यांनी नत्राचे वायू वाया न दवडता परत फिरवण्याची सोय केली. त्यामुळे खर्च वाचला, पण सांभाळणाऱ्याचे काम अधिकच अवघड झाले. शेवटच्या भांड्यातील वस्तू पहिल्या भांड्यात परत येऊ लागली की एका ठिकाणची चूक साऱ्या कारखान्याला प्रदक्षिणा घालून पुन्हा स्वतःच्याच दाराशी येते!

असो. दुसरी पद्धत निराळी होती. १८३१ साली ब्रिस्टलचा शिरक्याचा व्यापारी पेरेग्रिन फिलिप्स याने गंधकाचा वायू आणि हवा तापलेल्या प्लॅटिनमवरून नेऊन अम्ल करण्याचे पेटंट घेतले. कल्पना अचूक होती, पण ती व्यवहारात उतरायला शतकाचा उत्तरार्ध संपत आला. अडथळे दोन होते. खनिजातून येणारा सोमल प्लॅटिनमला निकामी करी, हा पहिला. दुसरा अधिक सूक्ष्म होता. सर्वांची समजूत अशी की या क्रियेला उष्णता पुरवली पाहिजे. जर्मनीतील बाडिश कंपनीच्या रूडॉल्फ क्निट्श याने दाखवून दिले की क्रिया स्वतःच इतकी उष्णता निर्माण करते की नळ्या तापवण्याऐवजी थंड कराव्या लागतात. १९०१ साली त्याने हे काम जगापुढे मांडले. पुढे प्लॅटिनमची जागा व्हॅनेडियमने घेतली, पण कळीचा मुद्दा तोच राहिला: सुमारे ४२० अंश सेल्सियसच्या आत क्रिया रेंगाळते, आणि तापमान फार चढले तर झालेले उत्पादन पुन्हा मोडू लागते. म्हणून वायू एका थरातून नेऊन सुमारे ६०० अंशांपर्यंत तापू द्यायचा, मग थंड करून दुसऱ्या थरात सोडायचा, पुन्हा थंड करायचा. भट्टी पेटवणे सोपे. तिला तिच्या स्वतःच्या उत्साहापासून आवरणे कठीण.

या पद्धतीतील आणखी एक तपशील सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. शेवटी मिळणारा वायू सरळ पाण्यात सोडला तर त्याचे अम्ल न होता पांढरे धुके होते, आणि ते धुके कशानेच धरता येत नाही. म्हणून तो सुमारे ९८ ते ९९ टक्के ताकदीच्या अम्लातच शोषून घेतात आणि ताकद राखण्यासाठी त्यात बेताबेताने पाणी घालतात. ही ताकद जराशी ढळली की चिमणीतून पांढरा लोट निघू लागतो. आत काय चुकले हे अशा वेळी कारखान्याबाहेरच्या पानवाल्यालाही समजते. अम्लातून वीज किती सुलभतेने वाहते हे मोजून त्यावरून ताकद ओळखायची आणि पाण्याची झडप आपोआप हलवायची, अशी योजना नंतर आली. पण चिमणीची साक्ष कोणालाच खोटी पाडता येत नाही.

आपोआप हलणारी झडप! येथे इतिहासाचा दुसरा प्रवाह येऊन मिळतो, आणि तो रसायनशाळेतून नव्हे तर वाफेच्या यंत्रातून आणि जहाजातून आला. जेम्स वॉटने १७८८ साली आपल्या यंत्रावर फिरत्या गोळ्यांचा नियंता बसवला. यंत्राचा वेग वाढला की गोळे वर जात आणि वाफ आपोआप कमी होई. मात्र कधी कधी हाच नियंता यंत्राला शांत करण्याऐवजी झोके देऊ लागे. असे का व्हावे याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली मांडले. त्यानंतर १९२२ साली निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने अमेरिकी आरमाराच्या जहाजांसाठी स्वयंचलित सुकाणूचा विचार करताना, चांगला सुकाणूधारी नेमके काय करतो याचे निरीक्षण केले. तो केवळ जहाज किती ढळले एवढेच पाहत नाही. किती वेळ ते एका बाजूला ढळत राहिले आहे हेही मनात धरतो, आणि ते ढळण्याचा वेग वाढतो आहे की घटतो आहे यावरही त्याचे लक्ष असते. आजची चूक, साचत आलेली चूक आणि चुकीची चाल, या तिन्ही गोष्टी एकत्र धरून तो चाक फिरवतो. शिशाच्या कोठडीपाशी थांबून राहणाऱ्या त्या जाणत्या माणसाचे कौशल्य मिनोर्स्कीने नकळत गणितात उतरवले, असे मला नेहमी वाटते. १९४२ साली झीगलर आणि निकल्स या दोन अमेरिकी अभियंत्यांनी हे तिन्ही घटक कोणत्या प्रमाणात घ्यावेत याचे सोपे नियम दिले, आणि कारखान्यातील साध्या माणसालाही नियंत्रक जुळवता येऊ लागला.

हे नियंत्रक पूर्वी दाबाखालच्या हवेवर चालत. स्फोटक वायूंच्या शेजारी विजेची ठिणगी नको, म्हणून तापमान असो वा दाब, त्याची वार्ता बारीक तांब्याच्या नळीतून हवेच्या दाबाच्या रूपाने नियंत्रण-कक्षात येई. या दाबाची ठरलेली मर्यादा होती चौरस इंचास ३ ते १५ पौंड. मापन शून्य असेल तर ३ पौंड, पूर्ण असेल तर १५. येथे मनात शंका येते: शून्यासाठी शून्यच का नाही? कारण नळी तुटली, हवा गेली, तरी दाब शून्यच दिसणार. मग आत खरोखर काही नाही, की वार्ताच येईनाशी झाली, हे कसे ओळखावे? आपणा सरकारी नोकरांना याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. तहसिलातून महिन्याचा तक्ता ‘निरंक’ असा शेरा मारून येणे वेगळे आणि तक्ताच न येणे वेगळे. (हा शब्द इथल्या हिंदी कचेऱ्यांतही असाच चालतो.) ३ पौंड म्हणजे निरंक अहवाल, शून्य पौंड म्हणजे अहवाल आलाच नाही, ताबडतोब माणूस पाठवा. पुढे विजेचे संदेश आले तेव्हाही हीच रीत राखली गेली, ४ ते २० मिलिअँपिअर अशी. तसेच, हवा अजिबात गेली तर झडपेने उघडे राहावे की मिटावे हे आधीच ठरवून तिच्यात तशी कमान बसवतात. थंड पाण्याची झडप उघडी राहिली पाहिजे, इंधनाची मिटली पाहिजे. साहेब दौऱ्यावर असताना काय करायचे याचे स्थायी आदेशच ते!

आता पुन्हा आपल्या प्रांतात येऊ. भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी, आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. पोलादाच्या कारखान्याला लोक लोखंडाचा कारखाना समजतात. पण त्याच्या पोटात एक मोठा रासायनिक कारखाना दडलेला असतो. कोळसा हवेवाचून भाजून कोक करताना जो वायू निघतो त्यातून डांबर, अमोनिया, बेंझॉल अशी द्रव्ये वेगळी काढतात. अमोनियावर गंधकाम्लाची क्रिया करून अमोनियम सल्फेट होते, आणि ते पुन्हा शेतीच्या खताला जाते. कोक-भट्ट्यांवरील वायूच्या मुख्य वाहिनीत दाब राखायचा तो किती, तर पाण्याच्या स्तंभाच्या काही मिलिमीटरांइतका. तो अधिक झाला तर भट्ट्यांच्या दारांतून पिवळसर धूर बाहेर पडतो. उणा झाला तर हवा आत शिरते, आणि हवा व वायू यांचे मिश्रण म्हणजे स्फोटाला आमंत्रण. शेकडो टन कोळसा पोटात घेऊन धगधगणाऱ्या भट्ट्या बोटाच्या पेराएवढ्या पाण्याच्या दाबावर तोलून धरलेल्या असतात हे प्रथम समजले तेव्हा मी थोडा वेळ निरुत्तर झालो होतो.

शिशाच्या कोठडीपासून स्वयंचलित नियंत्रकापर्यंत युरोपला पावणेदोनशे वर्षे लागली. छत्तीसगडात हा सारा प्रवास एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत झाला. नांगर धरणाऱ्या घरातला मुलगा नियंत्रण-कक्षात जाऊन बसला. शेकडो अभियंते शिक्षणासाठी रशियात गेले. नागपुरास कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली तंत्रशास्त्राची संस्था होती. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच रायपूरचीही राजधानी होती, हे आज नव्या पिढीस सांगावे लागते. त्याच १९५६ साली रायपुरात खाण व धातुशास्त्राच्या महाविद्यालयाची कोनशिला बसली. तेच आजचे राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान. कोट्यास १९६४ साली रशियाच्याच साहाय्याने मापके व नियंत्रक बनवणारा इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेड हा सरकारी कारखाना निघाला, तेव्हा कुठे ही उपकरणे देशात घडू लागली.

या पिढीतील एका वृद्ध चालकाची मला भेट घडली होती. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. प्रत्येक मापकाचा आकडा वहीत उतरवण्याआधी तो मापकाच्या काचेवर बोटाच्या सांध्याने हलकेच टिचकी मारी. कधी कधी सुई अडकून बसते आणि काल दाखवलेलाच आकडा आज दाखवते, असे त्याने सांगितले. कारखान्याच्या नोंदवहीखेरीज त्याच्या खिशात स्वतःची एक लहान वही असे. नोंदवहीत तो फक्त आकडा लिही. खिशातल्या वहीत मागच्या तासापेक्षा किती फरक पडला तेही लिही.

ती लहान वही आठवली की भोपाळ आठवते. १९८४ साली रायपूर मध्य प्रदेशातच होते, म्हणजे ती दुर्घटना आपल्याच राज्याच्या राजधानीत घडली. २ डिसेंबरच्या रात्री साडेदहाच्या आत मिथाइल आयसोसायनेटच्या ६१० क्रमांकाच्या टाकीवर सुमारे २ पौंड दाब नोंदला गेला होता. पाळी बदलली. अकराच्या सुमारास नव्या पाळीतील माणसाला तो १० पौंड दिसला. टाकीचा दाब २ ते २५ पौंडांच्या दरम्यान असणे हे नेहमीचे समजले जाई. तेव्हा १० या आकड्यात भिण्यासारखे काही नव्हते. अर्ध्या-पाऊण तासात तो पाचपट झाला आहे, ही भिण्यासारखी गोष्ट होती. पण आधीचा आकडा एका पाळीचा आणि नंतरचा दुसऱ्या पाळीचा. शिवाय तेथील मापकांवरचा कामगारांचा विश्वासच उडालेला होता. चुकीचे आकडे दाखवण्याची त्यांना सवय होती. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंदच होती. साडेबाराच्या सुमारास दाबाची सुई मापकाच्या शेवटच्या आकड्यापलीकडे गेली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मिनोर्स्कीने सुकाणूधाऱ्याकडून शिकून घेतलेली तिसरी गोष्ट, चुकीची चाल, त्या रात्री कोणाच्याही हिशेबात नव्हती.

१९७५ नंतर संगणक नियंत्रण-कक्षात शिरले. तांब्याच्या नळ्या गेल्या, भिंतभर लावलेली गोल मापके गेली, आणि सारा कारखाना पडद्यावर मावू लागला. चाल दाखवणारा आलेख आता पडद्यावर आपोआप उमटतो. तक्रार उलटीच झाली आहे: एका वेळी इतक्या धोक्याच्या सूचना वाजू लागतात की खरी कोणती हे कळत नाही. प्रत्येक टपालावर ‘तातडीचे’ असा शिक्का मारणाऱ्या कचेरीत काय होते हे आपण जाणतोच. या संगणक-युगाबद्दल याहून अधिक लिहिण्याचा माझा अधिकार नाही.

मात्र १२ जून २०१४ ची भिलाईची सायंकाळ सांगितली पाहिजे. झोतभट्टीतून निघणारा वायू पाण्याने धुऊन शुद्ध करतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात असतो. त्या दिवशी पाणी पुरवणाऱ्या पंपघरातील बिघाडाने वाहिनीतला दाब उतरला, आणि ज्या वाटेने पाणी वायूकडे जायचे त्याच वाटेने वायू उलटा पंपघराकडे आला. सहा माणसे दगावली. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते, म्हणजे कारखाना ज्यांना तळहातासारखा माहीत होता अशी माणसे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो. शिशाच्या कोठडीतला तांबूस धूर निदान काचेतून दिसत असे.